सुट्टीतला पैसा : वेगळ्या घडणीच्या मेंदूच्या विद्यार्थ्याला आधार कसा द्यायचा

आजचा विषय तसा घरगुती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात शिकते आहे, तिला ऑटिझम आहे, एडीएचडी आहे किंवा डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, आणि मे महिन्यात परीक्षा संपून सुट्टी लागते. या सुट्टीच्या काळात तिला पैशाचा आधार कसा द्यायचा, किती द्यायचा, आणि तो देताना तिचा मान कसा राखायचा, याबद्दल आज आपण बोलणार आहोत.

पहिल्यांदा एक शब्द स्पष्ट करून घेऊ. 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणजे ज्याच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे असा माणूस. लक्ष देणं, वेळेचा अंदाज घेणं, आवाज-प्रकाश सहन करणं, आकडे आणि अक्षरं हाताळणं या गोष्टी त्याच्याकडे वेगळ्या रीतीनं चालतात. यात बुद्धी कमी असण्याचा मुद्दा नाही. इंजिनिअरिंगला, विधीला, ललित कलेला उत्तम शिकणारी ही मुलं आहेत. पण तीच मुलगी वीजबिल भरायला तीन वेळा विसरते, आणि घरच्यांना वाटतं, 'एवढी हुशार आहे, मग एवढं कसं कळत नाही?' कळतं हो. कळणं आणि वेळेवर हातून होणं यांच्यात अंतर आहे. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी नेमकी हीच आहे. माहिती कमी पडत नाही, ती माहिती योग्य क्षणी वापरणं कठीण जातं. म्हणून उपदेश वाढवून फायदा होत नाही. जिथे आणि जेव्हा निर्णय घ्यायचा असतो तिथेच डोळ्यांसमोर काहीतरी ठेवावं लागतं. पैशाच्या बाबतीत आज आपण जे जे सांगणार आहोत ते या एका वाक्यातून निघतं.

आता सुट्टीच का? वर्षभर पैसे लागतातच की. बघा, सत्र चालू असताना विद्यार्थ्याच्या भोवती एक चौकट असते. सकाळी तास, दुपारी मेस, संध्याकाळी प्रॅक्टिकल, सबमिशनची तारीख. ही चौकट महाविद्यालय फुकट पुरवतं. परीक्षा संपली की एका दिवसात ती निघून जाते. वसतिगृह रिकामं करायची सूचना लागते, मेस बंद होते, मैत्रिणी गावी जातात, महाविद्यालयातल्या समुपदेशकही सुट्टीवर. ज्याचा मेंदू बाहेरच्या चौकटीवर टेकून चालतो त्याच्यासाठी हा मोकळेपणा नसतो, जमीन सरकल्यासारखं असतं. आणि नेमक्या याच काळात पैशाचा ओघही बदलतो. अनेक निर्वाह भत्ते शैक्षणिक वर्षाच्या महिन्यांपुरतेच मोजलेले असतात. शेतकरी घरात तर मे-जून म्हणजे बी-बियाणं आणि खतांचा खर्च तोंडावर, हातात रोकड सगळ्यात कमी. शिवाय पुढच्या वर्षाची फी समोर उभी.

मग पालक म्हणतात, 'सोपं आहे, घरी ये. घरी काय खर्च आहे?' कित्येक मुलांसाठी हे ठीक असतं. पण मे महिना आपल्याकडे लग्नसराईचा. घरात पाहुणे, दारात मांडव, स्पीकर, रोज वेगळी माणसं, आणि 'काय गं, पुढे काय करणार?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा. ऑटिझम असलेल्या मुलाला हा महिना वर्षभराच्या अभ्यासापेक्षा जास्त थकवू शकतो. तेव्हा घरी राहायचं की शहरात, हा प्रश्न फक्त भाड्याच्या आकड्यावर सोडवू नका. घरी राहायचं असेल तरी थोडे पैसे शांततेसाठी बाजूला ठेवा. तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेची महिन्याची फी, कानावर घालायचा चांगला हेडफोन, लग्नाच्या दिवशी लवकर परत यायला स्वतंत्र रिक्षाचे पैसे. हे लाड नाहीत. चष्मा जसा लागतो तसं हे लागतं.

आता हिशेबाकडे येऊ. आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. एक मुलगी आहे, पुण्यात दुसऱ्या वर्षाला, घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याला. तिला एडीएचडी आहे, सोबत डिस्लेक्सिया. सुट्टीत एक विषय एटीकेटीचा काढायचा आहे, म्हणून ती पुण्यातच कॉट बेसिसवर राहणार. चार आठवड्यांचा खर्च असा धरू : कॉटचे ५,००० रुपये, मेसचे ३,५००, अभ्यासिकेचे १,०००, डॉक्टर आणि औषधांचे २,५००. हे झाले १२,०००. प्रवास, नाश्ता, फोन यांचे २,०००. तिचे स्वतःचे, कुणी न विचारायचे, १,६००. आणि शेवटी ६०० रुपये आपण एका वेगळ्या नावाखाली ठेवू : विसरण्याचा कर.

हा विसरण्याचा कर काय भानगड आहे? पुस्तक परत करायला उशीर झाला, दंड. चार्जर हरवला, नवा. रेल्वेचं आरक्षण चुकीच्या तारखेचं, ते रद्द करून पुन्हा काढलं. फुकट चाचणी म्हणून घेतलेलं ॲप बंद करायचं राहिलं, पैसे कापले गेले. या मुलांच्या आयुष्यात हा खर्च होतोच. तो अंदाजपत्रकात धरला नाही तर दर वेळी तो 'चूक' म्हणून येतो, मग लपवालपवी, मग खोटं, मग मित्राकडून किंवा कर्ज देणाऱ्या ॲपवरून उसने. धरला, तर तो एक खर्चाचा रकाना होतो. महिन्याअखेरी त्यातले काही उरले तर तिचेच. लक्षात घ्या, ६०० रुपये धरल्यानं विसरणं वाढत नाही. लपवणं कमी होतं.

आता द्यायचे कसे? इथे तीन गोष्टी आम्ही आग्रहानं सांगतो.

पहिली, ठरलेले खर्च तिच्या हातातून जाऊच नयेत अशी सोय तिच्या संमतीनं करा. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका यांचे पैसे पहिल्याच दिवशी थेट भरून टाका. विशेषतः मेस. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या पुष्कळांना भूक लागल्याचं वेळेवर जाणवत नाही, कामात गुंतले की दिवस उपाशी जातो. डबा दारात आला की जेवण होतं. 'रोज काय खायचं, कुठे, किती पैशांत' हा निर्णय रोज घ्यावा लागणं हाच त्यांच्यासाठी एक खर्च आहे, आणि तो पैशात दिसत नाही.

दुसरी, उरलेले पैसे महिन्याचे एकदम देऊ नका, आठवड्याचे द्या. आपल्या उदाहरणात प्रवास-नाश्त्याचे २,००० आणि तिचे १,६०० मिळून ३,६००, म्हणजे आठवड्याला ९०० रुपये. दर सोमवारी सकाळी, आपोआप, बँकेला स्थायी सूचना देऊन. एडीएचडीमध्ये दूरचा काळ धूसर असतो. आजचं सुख आणि तीन आठवड्यांनंतरची चणचण यांच्यात तराजू आजच्या बाजूला झुकतो, हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. पुढचा सोमवार मात्र दिसतो. शनिवारी पैसे संपले तर दोन दिवस ओढाताण होते, तीन आठवडे नाही, आणि मेस भरलेली असल्यानं पोट तरी रिकामं राहत नाही. यात 'आपोआप' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या मुलाला फोन उचलून 'बाबा, पैसे पाठवा' म्हणायला दोन दिवस धीर गोळा करावा लागतो, त्याला मागायची वेळच येऊ नये.

तिसरी, मोबाइलवरचा पैसा दिसत नाही, म्हणून त्याला कड लावा. यूपीआय लाइटमध्ये १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो आणि त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात. ज्याचा हात मनाआधी चालतो त्याला पिन टाकण्याचे ते दोन क्षणही उपयोगी असतात. तेव्हा लाइट वापरायचंच असेल तर त्यात थोडेच पैसे ठेवा आणि आपोआप भरण्याची सोय बंद करा. ऑटोपेच्या यादीत दर महिन्याला काय कापलं जातं ते सुट्टीच्या सुरुवातीला एकदा दोघांनी बसून बघा. आणि डिस्कॅल्क्युलिया असेल, म्हणजे आकड्यांशीच झगडा असेल, तर खात्यातली शिल्लक वाचून काही बोध होत नाही. अशा मुलासाठी आठवड्याचे पैसे रोख, सात पाकिटांत, वारांची नावं घालून द्या. जुनी पद्धत आहे, आपल्या आज्या डब्याडब्यांत पैसे ठेवायच्या तशीच. ती चालते, कारण ती डोळ्यांना दिसते.

इथे यूपीआय सर्कलबद्दल सांगायला हवं, कारण पालक हमखास विचारतात. २०२४ पासून ही सोय आहे. पालक मुख्य वापरकर्ता, मुलगी दुय्यम, आणि पैसे पालकांच्या खात्यातून जातात. यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला पालकांची मंजुरी लागते. दुसऱ्यात महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घालून मोकळीक देता येते. औषधं, डॉक्टर, अचानक करावा लागलेला प्रवास यासाठी दुसरा प्रकार उत्तम. पहिला प्रकार वीस वर्षांच्या मुलीला लावलात तर तिनं वडापाव घेतला की वडिलांच्या फोनवर घंटा वाजणार, वडील मीटिंगमध्ये असणार, आणि गाडीवाल्यासमोर ती मंजुरीची वाट बघत उभी राहणार. विचार करा, तुमच्यावर अशी वेळ आली तर कसं वाटेल? आणि दोन्ही प्रकारांत तिचा प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो. म्हणून तिचे स्वतःचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्यात.

इथून आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. पैसा देणारा हात नकळत लगाम धरायला लागतो. 'एटीकेटी निघाली तरच.' 'थेरपीला गेलीस तरच.' 'रोज आठ वाजता उठलीस तर.' हेतू चांगलाच असतो. पण ज्या गोष्टी तिच्या मेंदूच्या घडणीमुळे अवघड जातात त्यांच्यावरच जेवणाखाण्याचे पैसे टांगले, तर आपण तिच्या अपंगत्वालाच दंड लावतो. बक्षीस द्यायचं तर जरूर द्या, पण ते वरचं असू दे. पायाला हात लावू नका.

कायदाही याच बाजूनं उभा आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधलं १३ वं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क आहे, आणि तिला मदत करणाऱ्यानं तिच्यावर गैरवाजवी दबाव आणता कामा नये. अठरा पूर्ण झाली की ती सज्ञान आहे. तिच्या फोनचा पासवर्ड, तिच्या बँकेचा पिन आपल्याकडे असणं ही मदत नव्हे. ओटीपी दुसऱ्याला सांगायची सवय आपणच लावली, तर उद्या फसवणारा माणूस फोन करील तेव्हाही ती सांगेल.

दुसरा पेच भावंडांचा. 'दादाला सुट्टीत एवढे देता, मला का नाही?' याचं उत्तर धाकट्याला मोकळेपणानं द्या, अर्थात दादाला विचारून. बरोबरी म्हणजे सारखी रक्कम नव्हे, सारखी काळजी. धाकट्याला दात सरळ करायला तार लावली तेव्हा दादानं तेवढे पैसे मागितले नव्हते, हे घरातल्या घरात समजण्यासारखं आहे.

आता कमाई. सुट्टीत काम करावं का? जमेल तर करावं, स्वतःच्या कमाईचा आत्मविश्वास वेगळाच असतो. पण आधी विश्रांती. वर्षभर इतरांसारखं वागण्यासाठी, म्हणजे गर्दीत हसण्यासाठी, डोळ्याला डोळा भिडवण्यासाठी, नोट्स उतरवण्यासाठी ही मुलं दुप्पट ताकद लावत असतात. सुट्टीचे पहिले दोन आठवडे झोप आणि रिकामपण यांच्या नावानं लिहून ठेवा आणि त्या काळाचे पैसे आधीच बाजूला काढा. त्यानंतर काम निवडताना तीन गोष्टी बघा. कामाचे तास ठरलेले आहेत का, सूचना लिखित मिळतात का, आणि पगाराची तारीख पक्की आहे का. बिनपगारी इंटर्नशिपबद्दल विशेष सावध राहा. 'अनुभव मिळेल' हे खरं, पण प्रवास आणि बाहेरचं खाणं घरच्यांनी भरायचं असेल तर ती रक्कम आधी मोजा, मग ठरवा.

औषधांचं एक व्यावहारिक सांगतो. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट कुठल्याही दुकानात सहज मिळत नाही. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीही रीतसर लागते. पुण्या-मुंबईत मिळणारं औषध तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. तेव्हा वसतिगृह सोडायच्या आधी डॉक्टरांना भेटून सुट्टीभराची व्यवस्था काय करायची ते विचारा, आणि मध्ये एकदा शहरात जावं लागणार असेल तर ते भाडं अंदाजपत्रकात घाला. मन फारच खचलं तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक भिंतीवर लावून ठेवा.

सुट्टीचा अजून एक उपयोग आहे : कागदपत्रं. वर्षभर तास बुडवून रुग्णालयात खेटे घालता येत नाहीत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. एडीएचडीचं नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, पण सोबत दुसरी अवस्था असेल तर तिच्यासाठी प्रमाणपत्र मागता येतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवरून होतो आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा अधिक आलं तर पुढची दारं उघडतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. आयकरात जुनी करपद्धत निवडणाऱ्या पालकांना दिव्यांग आश्रितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० ची. १९६१ च्या कायद्यातलं ते ८०डीडी कलम. नव्या कायद्यात क्रमांक बदलले तरी करसल्लागाराला 'दिव्यांग आश्रिताची वजावट' असं नावानं विचारा. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडून बघा. ऑटिझम असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. अध्ययन अक्षमतेला मात्र ती लागू नाही.

प्रमाणपत्र काढायचं की नाही हा निर्णय मात्र तिचा. काही मुलांना ते कार्ड ओझं वाटतं. पैशाचा फायदा समजावून सांगा, घाई करू नका.

शेवटी, हे सगळं ठरवायचं कधी? परीक्षा संपल्यावर चार दिवस जाऊ द्या आणि मग अर्धा तास बसा. तीन प्रश्न पुरतात. या सुट्टीत कुठल्या गोष्टीनं सगळ्यात जास्त दमायला होईल? कुठले पैसे मी भरू आणि कुठले तू सांभाळशील? पैसे कमी पडले तर मला कसं कळवशील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोन असायलाच हवं असं नाही. व्हॉट्सॲपवर एक ठरलेलं चिन्ह पाठवलं तरी पुरे. ठरलेलं एका पानावर लिहा आणि तिच्या खोलीत लावा. तोंडी ठरलेलं हवेत जातं.

सभागृहातून आलेल्या चिठ्ठ्यांतले दोन प्रश्न घेतो. एक आई विचारतात, 'असं सगळं करून दिलं तर ती कधी शिकणार?' ताई, शिकण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट सैल सोडायची. या सुट्टीत ९०० रुपये आठवड्याला. दिवाळीच्या सुट्टीत तेच दहा दिवसांनी. पुढच्या उन्हाळ्यात मेसचे पैसे तिच्या हातात. न जमलं तर एक पायरी मागे, बोल न लावता. पायऱ्या लहान असल्या की पडलं तरी लागत नाही.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा : 'घरी पैसेच नाहीत, आणि घरच्यांना हे काही पटतही नाही. मी काय करू?' बाळा, तुझ्यासाठी क्रम थोडा वेगळा आहे. वसतिगृह सोडायच्या आधी विद्यार्थी कल्याण विभागात जाऊन सुट्टीत राहण्याची परवानगी आणि कमवा व शिका योजनेत सुट्टीतलं काम मिळतं का, हे लेखी विचार. बोलणं जमत नसेल तर अर्जच लिही, सोबत मित्राला घेऊन जा. हातातल्या पैशातून पहिले पैसे मेसला दे, मग औषधाला, बाकी सगळं नंतर. आणि कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे घेऊ नकोस, त्याआधी तुझ्या एखाद्या शिक्षकांना सांग. मदत मागणं हा तुझा कमीपणा नाही.

इथेच थांबतो. ज्यांच्या घरी अशी सुट्टी सुरू होते आहे त्यांनी आज घरी गेल्यावर आकड्यांआधी तिला विचारा, 'तुला ही सुट्टी कशी हवी आहे?' अंदाजपत्रकाची पहिली ओळ तिथून लिहा.